खालची कड

जो स्वतः जागचा हलत नाही आणि ज्याच्यावाचून पानही हलत नाही, त्याला नमस्कार — झालं, बाई, झाली माझी प्रार्थना, आता बोला. छे, नात घरात नाही. दुकानातून सहाच्या आत यायची नाही, आणि तिची आई, म्हणजे माझी लेक, तिच्याही नंतर. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे, इकडे बसा. तर तुम्ही त्या ॲनिमेशनच्या शाळेतल्या — दात नसले म्हणून काय झालं, शब्द नीट येतो मला — प्रवेशासाठी पाठवायची फिल्म पोरीनं अजून पाठवली नाही म्हणून चार जिने चढून आलात. काय? चिठ्ठी पाठवली तिनं? दाखवा. ‘कागदांवर पाणी सांडलं, माझं नाव यादीतून काढावं.’ हं. अक्षर तिचंच. पाणी सांडलं म्हणे!

स्पष्ट बोलतो, राग मानू नका — मला त्या साऱ्या उद्योगाची शिसारी आहे. शिकवायला कोण होतं तिला? कोणी नाही. वाचनालयातलं एक फाटकं पुस्तक, मोबाइलचा तो टिचभर पडदा, आणि हट्ट. देवाच्या तसबिरीची काच काढली, बाई! माझ्या देवाची! दोन खोक्यांवर ती काच ठेवली, खाली दिवा लावला, वर कागदावर कागद. दिवा तापून अंगठा भाजला तरी हिचं चालूच. आधी कुत्रं चालवलं — एक पाय चाळीस वेळा, आणि चालायला लागलं तेव्हा ते पाच पायांचं दिसत होतं. मग जिन्यावरून घरंगळणारा बटाटा. एका सेकंदाला बारा चित्रं! मी म्हटलं, अगं खारूताई, जगन्नियंत्यानं सृष्टी फिरवण्याचं काम तुझ्याकडे कधी दिलं? तर म्हणते, ‘आजोबा, तो करतो त्यात खाडाखोड दिसत नाही, मला ते शिकायचंय.’ जीभ पाहा!

आणि इतकं शिकून काढलं काय? फूल नाही, पाखरू नाही. मला काढलं. जेवताना. दुधात भिजवलेला पाव खाणारा बोळक्या तोंडाचा म्हातारा — हात थरथरतोय, चमचा ओठ चुकतोय, दुधाचा ओघळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत — एका घासाला शंभर चित्रं! पंचेचाळीस वर्षं मी पुस्तकं बांधली. संतांनी देहाची जी जी निंदा केली ती माझ्या हातांनी शिवली आहे, पाठही आहे, रोज याच तोंडानं म्हणतो — देह म्हणजे घाण, देह म्हणजे मोडकं भांडं. म्हणायला फार गोड लागतं हो! पण स्वतःचं मोडकं भांडं कागदावर गळताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. आणि हे तुम्ही सगळे मोठ्या पडद्यावर लावून बघणार होतात. टाळ्या वाजवत.

पाणी? नाही सांडलं पाणी. सांगतो. गठ्ठा टेबलावर होता, तीनशे बारा कागद. कडा उसवल्यासारख्या, कुठे पुढे कुठे मागे. बांधणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. ठोकून गठ्ठा सारखा केला, पट्टी धरली, सुरी घेतली आणि खालची कड बोटभर उतरवली. सुबक झाला. हाताला सवय असते, बाई. माझी चूक झाली ती एवढीच — काय म्हणालात? भोकं? हो, भोकं खालच्याच कडेला होती. दोन दोन. फळीवरच्या खुंट्यांत अडकवायची, म्हणजे प्रत्येक चित्र आपल्या जागी बसतं, नाहीतर फिल्मभर माणूस उड्या मारतो. एवढं मला —

काय विचारलंत? ठाऊक होतं का?

होतं. आता असं बघू नका माझ्याकडे. होतं ठाऊक. तिची भोकं आधी वाकडी पडायची, कुत्रं थरथरायचं म्हणून रडकुंडीला यायची. मीच तिचा हात धरून दाखवलं — आधी गठ्ठा ठोक, मग खूण कर, मग पाड. पुस्तक शिवताना आम्ही तसंच करतो. त्या भोकांचा गुरू मी. आणि सुरी लावली ती मोजून, भोकांच्या अर्धं बोट वर. नामस्मरण चालू होतं तेव्हाही. थू! एवढ्या वर्षांच्या पूजेचं हे फळ.

पोर आली. वरचा कागद उचलला, खालच्या कडेवर अंगठा फिरवला. मला वाटलं किंचाळेल, सुरी फेकेल. म्हणाली, ‘आजोबा, कडा सुरेख कापल्यात.’ आणि आत जाऊन माझा पाव दुधात कुस्करायला लागली. त्यानंतर पेन्सिल हातात धरली नाही तिनं. आणि तुम्हाला लिहिलं, पाणी सांडलं.

मी त्या कापलेल्या पट्ट्या केराच्या टोपलीतून काढल्या. क्रम? बांधणाऱ्याच्या हातून क्रम चुकत नाही, तेवढी अब्रू शिल्लक आहे. ती दुकानात गेली की खळ शिजवतो, पातळ कागदाची चिकटपट्टी लावून एकेक जोडतो. शेवटचे चाळीस कागद मी पाहिलेच नव्हते हो! किळस आली म्हणून मधूनच झाकून टाकला होता गठ्ठा. परवा उरलेल्या पट्ट्या आपापल्या कागदाशी जुळवून ठेवताना पाहिलं — खालच्या कडेतून एक हात वर येतो. आधी नुसती बाही, मग मनगट, मग रुमाल. अंगठ्यावर भाजल्याचा डाग. हळूहळू येतो आणि म्हाताऱ्याची हनुवटी पुसतो. मी त्याच मनगटावरून सुरी चालवली होती. ज्या कडेतून तो हात येत होता, तीच कड.

तर शिसारी आहे ती अशी आहे, बाई. चित्रांची नाही.

दोनशे चार झालेत. माझ्या थरथरत्या हातांनी दिवसाला वीस होतात — मुदत कधी संपते? परवा? मग नाही व्हायचं. नका, तुमची दया नको मला, नियम असेल तो — काय? दहा दिवस थांबाल? शाळा थांबेल? चिठ्ठी फाडा मग. माझ्यासमोर फाडा. त्या खोटेपणावर तिचं नाव राहू नये. माझं झाकायला लिहिलंय ते. मी सांगेन तिला आज, तोंडानं, याच घाणेरड्या तोंडानं. आणि ते थोबाड जसं काढलंय तसंच दाखवा मोठ्या पडद्यावर, ओघळासकट.

उठा आता. बोलण्यात खळ वाळली. तुमच्या घरी, या जिन्यातल्या दारादारामागे, आणि हे ज्याच्या कानी जाईल त्याच्याही घरी, म्हातारपणी तोंड पुसणारा एक हात असो, आणि त्या हातावर सुरी चालवण्याची बुद्धी देव कुणालाही न देवो. चला. दार घट्ट ओढा — वाऱ्यानं कागद हलतात.