बिनदुधाचा चहा

माझं पोरगं नुसतं शिंकलं तरी मी मोबाइलवर उपाय शोधते, मंग सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढल्यावर गप्प कशी बसणार? गोळ्या होत्याच, वर मी ग्रीन टी सुरू केला. मामा, म्हणजे सासरे, काही केल्या तो प्यायला तयार नव्हते. परवा त्यांची बहीण, परतूरच्या आत्याबाई आल्या. पाहुण्यांसमोर ते नाही म्हणणार नाहीत, म्हणून मी दोघांनाही तोच दिला.

आत्याबाईंनी कपात बघितलं, डोक्यावर पदर घेतला अन् हळूच विचारलं, "कोण गेलं गं पोरी? आम्हाला सांगावा बी न्हाई?"

आमच्याकडे कोरा चहा मयताच्या घरी देतात, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नव्हतं.

मामांनी कप सरकवला. "अजून कोणी न्हाई गेलं. सूनबाई सराव करून राह्यली!"