लाजोआंटी आणि तरंगते गोळे

कॅम्प एक या निर्वासितांच्या वस्तीतल्या आमच्या शेजारच्या लाजोआंटी औषधाला कशा तयार झाल्या, ते सांगितलंय का मी तुम्हाला? नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या छातीची गाठ काढली होती, पण पुढचं सलाईनमधून द्यायचं औषध त्या काही केल्या घेईनात. "गाठ निकल गई ना? मग आता कशाला?" एवढंच म्हणायच्या. गाठ काढली तरी काही पेशी सुटून अंगात दुसरीकडे जागा धरू शकतात, हे मी कितीदा सांगितलं, पण पटेना.

मी तेव्हा मुंबईत कॅन्सरच्या पेशींवर काम करायचे. शेवटी सरांना विचारून एका दुपारी मी आंटींना लॅबमध्ये नेलं आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

फिक्या गुलाबी पाण्यात पेशींचे गोळे संथ तरंगत होते. आंटी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हा कॅन्सर? किती सुंदर आहे गं! खाली का नाही बसत?"

"बशीच्या तळाला अगरचा थर दिलाय, आपल्या चायना ग्रासचा. तिथं चिकटता येत नाही, म्हणून एकमेकांना धरून राहतात."

"हमारे जैसे," त्या पुटपुटल्या. फाळणीनंतर, अगदी लहान असताना, त्या सिंधमधून आमच्या कॅम्पातल्या बराकीत आल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि मी घाबरले. आता यांना या पेशींचीच माया लागली तर?

आंटींनी पदरानं डोळे पुसले.

"तू यांना जागा नाही दिलीस ना?"

"नाही."

"फिर मैं क्यों दूँ? चल, डॉक्टरकडे नंबर लाव."