अकरा दारांवरची काजाची खूण

जबाब

नाव: शिवणआजी, याच नावाने सगळे ओळखतात. वय: एकाहत्तर, एखाददुसरं वर्ष इकडेतिकडे. धंदा: शिवणकाम. राहणार: कापडबाजारामागची गल्ली, मशीनचा आवाज येतो ते घर.

मी कुणी न बोलावता ठाण्यात समक्ष हजर राहून स्वतःच्या हाताने लिहून देते की,

हवालदार लिहिणार होते, पण मी म्हटलं, आणा इकडे ते पेन. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलेलं अक्षर आहे, मिरवू द्या की जरा. शिकवलं प्रवचनवाल्या बाईंनी. बाईंनी आमच्या गल्लीचं सोनं केलं. माझी लेक पंचविशीत विधवा झाली, तिचं दुसरं लग्न त्यांनी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून लावलं. आज मला दोन नाती आहेत, थोरली तर अशी वात्रट की काय सांगू. असो, मुद्द्याचं लिहा म्हणतात.

दारू सोडवायची बाईंची पद्धत अशी: पिणाऱ्याच्या दारावर सकाळी खूण करायची, दुपारी आम्ही बाया तिथे जाऊन बसायचो, तो सोडतो म्हणेपर्यंत उठायचं नाही. चौदा घरांतली सुटली. खुणा मी करायचे, कारण कापडावर आखायचा निळा खडू कायम माझ्या कनवटीला. बाई म्हणायच्या फुली मारा. पण माझ्या हाताला वळण काजाचं: आडवी रेघ आणि दोन्ही टोकांना बारीक उभ्या रेघा. शर्टाला बटणाचं काज कुठे पाडायचं ते मी असंच आखते. फुली हातून निघतच नाही.

दोन वर्षांपासून प्रवचनात दारूचा विषय कमी आणि पलीकडच्या गल्लीतल्या लोकांचा जास्त यायला लागला. बाई सांगायच्या, त्यांची प्रार्थना वेगळी, ते आपले नाहीत, त्यांच्याकडून काही घेऊ नका. मी मान डोलवायचे आणि परत येताना त्याच गल्लीतल्या पाववाल्याकडून पाव घ्यायचे. "आजी, आजही चोरून?" "चोरून घेतला की जास्त फुगतो रे."

सोमवारी सकाळी बाईंनी त्या गल्लीतली अकरा घरं सांगितली. विचारलं, "कशाला हो बाई?" म्हणाल्या, "मुलांना वह्या वाटायच्यात, आजी. एकही घर सुटायला नको." दहाच्या आत मी अकराही दारांवर खुणा केल्या. पाववाल्याच्या बायकोने पाणी दिलं. दुपारी प्रवचन उठल्यावर बाईंच्या मंडळाची माणसं तिकडे गेली. अकरा दारं फोडली. बाराव्याला हात लावला नाही. पाववाल्याची भट्टी फोडली, बायकोचा हात मोडला. कुठला, ते मी विचारलं. पाणी दिलं तोच.

मंगळवारपासून पाववाला इथे कोठडीत आहे. मंडळाची तक्रार अशी की बाईंना बदनाम करायला त्यानेच खुणा केल्या, त्यानेच माणसं आणली.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मशीनच्या तीन सुया मोडल्या. चहा ठेवते आणि विसरते, जिना उतरते आणि कशाला उतरले म्हणून परत चढते. हे लिहितानाही दोनदा उठून दारापर्यंत गेले. हवालदार म्हणाले, आजी, पायाला भिंगरी लावलीय का?

आज सकाळी बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, खुणा तर माझ्या." त्या म्हणाल्या, "खडूच्या रेघेवर कुणाचं नाव असतं का? जा, मशीनवर बसा." त्यांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. ते लावलं, दोरा दातांनी तोडला आणि सरळ इकडे आले.

दारं मोडली तरी फळ्या तिथेच पडल्यात. जाऊन बघा, एकही फुली सापडायची नाही, सगळीकडे काजाचीच खूण. पाववाल्याला खडू द्या, काज आखून दाखव म्हणा. बिचाऱ्याला यायचं नाही. माझ्यावर जे कलम लागत असेल ते लावा, त्याला सोडा.

वरचं सगळं मीच लिहिलं आणि मीच हवालदारांना मोठ्याने वाचून दाखवलं. खरं आहे, कुणी पढवलेलं नाही. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला होता, तो परत दिला. सही केली आहे. सहीखाली निळ्या खडूने खूणही काढली आहे, ती फळ्यांशी ताडून बघावी. तोवर मी इथेच बाकावर आहे. आता बसवतंय.