आठची मालिका, भिंतीपलीकडून

—अहो नाही काकू, वास-बीस काही आला नाही. थंडी होती ना त्या आठवड्यात. आणि तेवढ्यासाठी तिकडे उत्तरेतल्या आओमोरीहून मिठाईचे खोके घेऊन दारोदार कशाला फिरायचं? मुलगी तुमची गेली, आणि शेजाऱ्यांची माफी तुम्हीच मागताय— बरं, असू दे, रागावत नाही. बसा, चहा टाकलाय. मी मिझोगुची, दोनशे चार. तुमची मुलगी दोनशे तीन, मध्ये ही एवढी एक भिंत. काय म्हणालात, कोनात्सु? बघा, नाव आत्ता कळतंय मला. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘तोयामा’ होतं. माझ्याही पाटीवर आडनावच आहे— एकट्या मुली पूर्ण नाव लावतच नाहीत. आणि गॅलरीतल्या दोरीवर एक पुरुषी शर्ट. तिचा निळा, माझा राखाडी. महिन्यातून दोनदा धुवायचा, वाळत घालायचा, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटावं घरात पुरुष आहे. मी स्वतः हे करते, आणि तरी तिचा निळा शर्ट बघून मला वाटायचं, पलीकडे नवरा-बायको राहतात! वर्षभर, काकू. हसा, हसा. मीही हसले असते.

पण आवाज ओळखीचा होता. सकाळी आठची मालिका नाही का, पंधरा मिनिटांची, त्यातली नायिका इतोहा बंदरावरच्या गावात छत्रीवाल्याच्या माडीवर एकटी राहते— तुम्हीही बघायचात? फोनवर बोलायचात तिच्याशी त्याबद्दल? ...हं. आम्ही दोघी बघायचो. तिचा टीव्ही माझ्यापेक्षा क्षणभर पुढे, त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी भिंतीतून यायचं, मग माझ्याकडे. इतोहा रोज निघताना रिकाम्या खोलीला म्हणते ना, ‘जाऊन येते’— तर पलीकडून तुमची मुलगी उत्तर द्यायची. ‘जा, लवकर ये.’ रोज! मोठ्यानं! मला वाटायचं, काय वेडी बायको आहे. आणि मी तोंडातला पाव चावायचं थांबवून त्या उत्तराची वाट बघायचे. माझ्या घरात मला असं कोण म्हणतं?

त्या गुरुवारी— नाही, काही नाही. चहा घ्या. ते सांगण्यासारखं नाही... बरं, भिंत वाजली. तीनदा. दणादण नाही हो, बोटाच्या पेरांनी वाजवावी तशी. मला काय वाटणार? आपला टीव्ही मोठा झाला, म्हणून सांगताहेत. मी लगेच आवाज कमी केला. अगदी पाचवर आणला. चांगली शेजारीण ना मी! पुन्हा तीनदा वाजली. मी आणखी कमी केला, बॅग उचलली, कामावर गेले.

काय म्हणालात? एका क्षणात गेली? कळलंसुद्धा नाही तिला? असं कोणी सांगितलं— डॉक्टरांनी? गुरुवारी सकाळी, पडली आणि संपलं? हो, मग तसंच असेल. डॉक्टरांना जास्त कळतं. पेर लागलं असेल पडताना, हात आपटला असेल. नक्कीच.

...शुक्रवारचं कशाला विचारताय? शुक्रवारचं मी कुठं काही म्हटलं? नका ना अशा बघू. शुक्रवारी इतोहा म्हणाली ‘जाऊन येते’, आणि पलीकडून उत्तर आलं नाही. एवढंच. मला जाणवलं ते. पाव हातात धरून मी थांबले होते. आणि मग एक ठोका आला. एकच. खालून, जमिनीजवळून. मला इतका राग आला, काकू— आवाज पाचवर ठेवलाय, ह्यांना अजून काय हवंय, आणि स्वतःचा टीव्ही रात्रभर चालू ठेवलात ते? मी मूठ आवळली आणि भिंतीवर दणकन मारली. अशी. मग गप्प झालं. मला वाटलं, नवऱ्याला कळलं बरोबर.

शनिवारी मी इमारत सांभाळणाऱ्यांना फोन केला, दोनशे तीनचा टीव्ही बंदच होत नाही म्हणून. त्यांनी दार नाही ठोठावलं. सगळ्यांच्या टपालपेटीत एक गोड चिठ्ठी टाकली— ‘घरातल्या आवाजाचा इतरांना त्रास होणार नाही, याची रहिवाशांनी काळजी घ्यावी.’ तिच्याही पेटीत. ती कामावर येईना म्हणून मंगळवारी तिच्या ऑफिसातलं माणूस आलं, दार उघडलं, तोवर ती चिठ्ठी पेटीतच होती.

आता टीव्ही लावत नाही मी. तरी आठ वाजता इतोहाचं वाक्य भिंतीतून येतं. माझ्याकडे काही चालू नसताना. आणि मग मी थांबते, की ती—

काकू? अहो, वाकताय कशाला? डोकं वर करा. ‘माझ्या मुलीनं तुम्हाला सकाळी-सकाळी त्रास दिला’? हे काय बोलताय? मी काय सांगितलं ते ऐकलंत ना? ती हाक मारत होती! ओरडा की माझ्यावर! थोबाडीत द्या एक! तुम्हीच शिकवलंत हे सगळं आम्हाला, कोणाला त्रास होऊ द्यायचा नाही, आवाज करायचा नाही— ती मरतानासुद्धा भिंत हळूच वाजवत होती, काकू, हळूच, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून! नाही, पुन्हा म्हणू नका ते. माझी माफी नका मागू. उठा. दार नुसतं लोटलंय. जा.