लेल्यांचा टीव्ही, भोसल्यांची गॅलरी

बिबवेवाडीत माझं इन्व्हर्टरचं दुकान, तेव्हा लाइट जाण्यावरच आमचं घर चालतं. पण आमचे गिऱ्हाईक लेले, त्यांनी मला एक दिवस घाम फोडला. क्रिकेटच्या फायनलला त्यांनी व्याह्यांना मुद्दाम घरी बोलावलं होतं. ‘लाइट गेली तरी आमचा टीव्ही बंद पडत नाही,’ असं ऐकवूनही ठेवलं होतं.

सामना रंगात आला आणि गल्लीची लाइट गेली. लगेच दुकानात फोन.

“अहो शेठ, तुमच्या इन्व्हर्टरवर टीव्हीत नुसत्या मुंग्या दिसतायत. व्याही हसतायत.”

धावत गेलो. टीव्ही ठणठणीत होता. बंद पडला होता केबलवाल्याचा सिग्नल वाढवणारा बूस्टर. तो खालच्या भोसल्यांच्या गॅलरीत, त्यांच्याच लाइटवर चालायचा.

म्हटलं, “वरून वायर सोडू, बूस्टर तुमच्या इन्व्हर्टरला जोडू.”

लेल्यांचा चेहरा उतरला. पार्किंगवरून दोघांचं बोलणं बंद होतं. शेवटी मीच खाली गेलो.

भोसले म्हणाले, “वायर खुशाल जोडा. पण टीव्ही माझाही बंद आहे. मी वर येणार.”

व्याह्यांसमोर लेले काय बोलणार? “या,” म्हणाले. भोसले आले ते थेट व्याह्यांशेजारी सोफ्यावर बसले. मी बूस्टर जोडला आणि बॅटरी पुरावी म्हणून पंखा बंद केला.

थोड्या वेळाने लाइट आली. लेले फार गोड आवाजात म्हणाले, “भोसले, लाइट आली बरं का. तुमच्याकडेही आली असेल.”

भोसल्यांनी टीव्हीवरची नजर हटवली नाही.

“आली का? मग पंखा लावा.”