किल्ला येईपर्यंत

आईला एवढं लोणी लावणारा मुलगा मोठ्या काकूंच्या पचनीच पडत नव्हता. सहलीची बोट सुटल्यापासून काकूंच्या पुढच्या बाकावर त्या अनोळखी मुलाने आईला दोनदा शाल पांघरली होती.

“आई, ते बघ जुनं जकातघर.”

“दिसतंय रे. आंधळी झाले का मी?”

“आणि तो घड्याळाचा मनोरा. आई, घर विकलं मी.”

“कुठलं घर?”

“आपलंच. परवा सह्या झाल्या.”

“मला न विचारता? आणि मी कुठं राहायचं?”

“आमच्याकडेच. म्हणजे मोठी जागा मिळाली की. तोवर ताईकडे. किल्ला बघ, केवढा आहे!”

“ताईला विचारलंस?”

“विचारतो ना. आई, आता चारचौघांत रडू नकोस हं.”

“रडतंय कोण? वारा लागतोय डोळ्यांना.”

“म्हणूनच तुला इथं आणलं. छान मोकळी हवा, निवांत बोलता येतं.”

काकूंनी छत्रीचं टोक त्याच्या खांद्यात टोचलं. तो दचकून वळला.

“भित्रा आहेस तू, बाळा. घरी सांगितलं असतंस, तर ती उठून स्वयंपाकघरात तरी गेली असती. इथून कुठं जाईल?”