सुरुंगाची फुंकर

आमी मूळचे पालमकडचे. बापाचं काम विहिरी फोडायचं, तेच म्या उचललं. खडकात भोकं पाडायची, दारूच्या कांड्या ठासायच्या, वात पेटवायची अन् पळायचं. माझी बायको गिरजा संगंच असायची, जिथं विहीर तिथं तिची तीन दगडांची चूल. म्या सुरुंग हायेऽ म्हनून वरडलो की ती भाकरीवर परात पालथी घालायची. धडाका झाला की हवेचा असा लोट यायचा, काय सांगू तुमाला, चुलीतला जाळ फटकन जायचा. मला लय गंमत वाटायची. म्या म्हणायचो, बग गिरजा, कुठून लागली माझी फुंकर. ती म्हणायची, लागली खरी, पण खालच्या निखाऱ्यातला इस्तू कुठं मेलाय, तो तर उलटा लाल झालाय. अन् दोन काटक्या सारल्या की तिची चूल परत पेटायची. म्या हसन्यावारी न्यायचो. बायकांचं चुलीचं शानपन, त्याला काय ऐकायचं, असं वाटायचं मला.

मग ते चुडाव्याकडचं काम निघालं. उन्हाळा, भर दुपार. मालकाच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला, कशानं ते अजून कळलं न्हाई. विहिरीला पानी लागलेलं नव्हतं, टँकर यायला येळ. पलीकडं गोठा, त्यात बैलं बांधलेली. मला कुनी सांगितलं न्हाई, खोटं कशाला बोलू, म्याच म्हणालो, सरका, सुरुंगाच्या फुंकरीनं आत्ता विझवतो. जल्मभर चुली विझवल्या होत्या न्हवं का.

गिरजा बैलं सोडायला निघाली होती, ती वळून म्हणाली, "अवो, जाळ जाईल, इस्तू न्हाई जायचा. ऱ्हाऊ द्या." अन् गोठ्याकडं पळाली. म्या ऱ्हाऊ दिलं न्हाई. गंजीजवळ कांड्या पुरल्या, वात पेटवली. गोठा लांब हाय, असं वाटलं मला.

धडाका झाला अन् जाळ खरंच गेला, बरं का. डोळा मिटून उघडावा येवढाच येळ, पन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्या हसलो. ते हसनं मला अजून खायलंय बगा. वर उडालेल्या पेंढ्या लाल होऊन खाली यायला लागल्या, गोठ्याच्या पाचटाच्या छपरावर, सगळीकडं. गंजी बी परत भडकली. गिरजा आत शेवटच्या बैलाचं दावं सोडायलती. बैल बाहेर आला. ती आली न्हाई.

त्या दिसापासून सुरुंगाला हात लावला न्हाई. आता लेकीकडं ऱ्हातो, येलदरीला. लेक लय जीव लावती, देव तिला सुखी ठेवो. तिच्याकडं गॅस हाय, पन आंघोळीचं पानी चुलीवरच तापतं. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की म्या चुलीत पानी ओततो, काडीनं हालवतो, परत ओततो. लेक म्हणती, बाबा, कवाच विझलंय ते. म्या तरी राख हातानं चाचपतो. गार लागली की मनातल्या मनात गिरजाला सांगतो, गेला बग आता इस्तू. येवढंच ऐकायचं होतं तिचं.